उतारावरचे तीन फूट

गळ्यात सदा टेप लटकलेला, म्हणून ब्लाउज शिवणाऱ्या या बाईला सगळी गल्ली टेपताई म्हणायची. कापड असो की जमीन, स्वतःच्या हाताने माप घेतल्याशिवाय तिला चैन पडत नसे. उतारावरचा प्लॉट घेतला त्याच आठवड्यात ती वरच्या रस्त्यापासून खालच्या गल्लीपर्यंत जमीन मोजून आली. तीस फूट, बरोबर. त्या तीस फुटांवर नकाशा निघाला, खर्चाचा अंदाज निघाला आणि शेवटी तिच्या आईची खोलीही निघाली.

सगळा जीव त्या खोलीतच अडकलेला होता. आई तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. गुडघे असे धरलेले, की महिनोन्महिने खाली उतरणं व्हायचं नाही. लेकीने बोलावलं की तिचं एकच उत्तर, "माझी स्वतःची खोली असेल तर येते. जावईबापूंच्या हॉलमध्ये खाट टाकून पडणार नाही मी." आणि म्हातारी शब्दाची पक्की.

आर्किटेक्टबाई आखणीला आल्या तेव्हा टेपताई नवऱ्याला घेऊन प्लॉटवर हजरच होती. बाईंनी वरच्या खुंटीला दोरी बांधली, नळीतल्या पाण्याने लेव्हल बघत ती अगदी आडवी नेली आणि गल्लीच्या कडेला उंच बांबूला बांधली. मग दोरी मोजली. सत्तावीस फूट.

"तीन फूट गेले कुठे?" टेपताईने विचारलं.

"शेजाऱ्याने ढापले," नवरा म्हणाला. तो बेकरीत कामाला होता. भट्टीतून एक पाव कमी निघाला तरी त्याचा पहिला संशय शेजारच्या दुकानावरच जायचा.

"ताई, तुम्ही टेप कसा धरला होता?" आर्किटेक्टबाईंनी विचारलं.

"कसा म्हणजे? जमिनीला लावून. खड्डा आला की खड्ड्यातून, उंचवटा आला की उंचवट्यावरून. अंगासरशी."

बाईंना हसू दाबता येईना. "अहो, अंगासरशी ब्लाउज बसतो! घराची फरशी सपाट असते. उतारावरून घेतलेलं माप जास्तच भरणार."

टेपताईने कपाळावर हात मारून घेतला. आजवर तिच्या हातून एक ब्लाउज बिघडला नव्हता, आणि आता स्वतःच्या घरालाच कापड कमी पडलं. टोकाची खोली आईची होती. दहा फुटांची ती सातावर आली.

"सातात आईंची खाट बसेल की," नवरा समजुतीने म्हणाला.

"आणि आई कुठे बसेल?"

खर्च वाढवायची तर सोयच नव्हती. खालच्या बाजूला भिंत बांधून आत माती भरायची, त्यातच बजेटचा मोठा घास जाणार होता. टेपताईला फार वाईट वाटलं. आईची खोली तिने स्वतःच्याच हाताने कापली होती. पण गप्प बसवेल तर ती टेपताई कसली! एवढी माती खाते ती जागा आहे तरी केवढी, ते बघायला ती उतरून बांबूपाशी गेली. दोरी तिच्या डोक्याच्या कितीतरी वर होती.

"मी आत्ता घरात कुठे उभी आहे?" तिने खालून ओरडून विचारलं.

"फरशीच्या खाली. तिथेच तर भराव घालायचा."

"आणि नाही घातला तर?"

आर्किटेक्टबाई वाकून बघायला लागल्या. मग भराभर खाली उतरल्या आणि फोनवर आकडेमोड सुरू केली. "फरशीखाली अख्खी खोली निघेल! मागची भिंत भक्कम हवी, ओल यायला नको. पण भरावाचे पैसे तिथे वळतील. तुम्ही आईंना जिना नको म्हणालात ना, म्हणून मी खाली बघितलंच नाही!"

"जिना कशाला? दार सरळ गल्लीत उघडेल. एक पायरीसुद्धा नाही."

संध्याकाळी ती आईकडे गेली. मला तळघरात टाकता का, असं म्हातारी फाडकन विचारेल याची धास्ती होती. आईने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे उठले की थेट बाहेर? कुणाच्या हॉलमधून जायला नको?"

"नको."

"कुठे चाललीस म्हणून कुणी विचारायला नको?"

"विचारणार कोण? आम्ही वर असणार."

म्हातारीने खिडकीतून खालचा रस्ता बघून घेतला.

"किल्ल्या किती असतील?"

"दोन. एक तुझी, एक आमच्याकडे."

"दोन्ही मला दे," आई म्हणाली. "तुम्ही आलात की दार वाजवा. मी घरी असले तर उघडेन."