हळव्या बाटलीतली म्हातारी

मित्रांनो, मी एक जुनी फळमाशी आहे. जुनी म्हणजे चाळीस दिवसांची. हसू नका, आमच्या घराण्यात इतकं वय कुणी पाहिलेलं नाही.

जव्हारच्या एका कॉलेजात, प्रयोगशाळेच्या फळीवरच्या बाटलीत माझा जन्म झाला. खायला रवा, गूळ आणि यीस्टची खीर, वर कापसाचा बोळा. शेजारी दुसरी बाटली. रोहिणी मॅडम चार वर्षं त्या बाटलीतल्या फक्त म्हाताऱ्या माश्यांची अंडी पुढे वाढवत आल्या, आणि आमच्यातल्या फक्त तरुण माश्यांची. नावं दिली पोशेरा गावाहून शिकायला आलेल्या रविनाने. लवकर पिकणाऱ्या नागलीसारख्या, म्हणजे नाचणीसारख्या, आम्ही हळव्या, उशिरा पिकणाऱ्या नागलीसारख्या त्या गरव्या.

त्या गरव्यांचा मला फार हेवा वाटतो. तरुणपणी मी त्यांच्या दुप्पट अंडी घातली. "हळव्या भारी आहेत," असं मॅडम म्हणाल्या तेव्हा मी फुगून गेले होते. पण चौदाव्या दिवशी अंडी उचलायची आणि आम्हांला साबणाच्या पाण्यात टाकायचं, अशी रीत. त्यानंतर आमचे पाय लुळे पडले तरी कुणाचं काय बिघडत होतं? गरज सरो, वैद्य मरो. म्हणून लवकर म्हातारं करणारी जनुकं आमच्यात निवांत राहिली. गरव्यांमध्ये मात्र म्हातारपणी जी धड राहिली, तिचाच वंश चालला.

रविनाने आम्हांला पाण्यात टाकलंच नाही. गुपचूप वेगळ्या बाटलीत ठेवून ती खीर बदलत राहिली. आज मॅडमना ती बाटली सापडली. शंभरातल्या आम्ही सात उरलो होतो. मला काचेवर दोन बोटंही चढवत नव्हतं आणि शेजारच्या बाटलीतली माझ्याच वयाची गरवी सरसर बोळ्यापर्यंत जात होती. माझा नुसता जळफळाट झाला.

"रविना, ह्या का ठेवल्यास?"

"मॅडम, आमचे घरी बियाण्याचा दाणा नाय टाकीत. मला टाकायला जमलाच नाय."

"प्रयोगात असं चालत नाही. आण ते पाणी."

रविनाने पाणी आणलं, पण बाटली हातातून सोडेना. सकाळीच मी कशीबशी चार अंडी घातली होती. माझं जाऊ द्या, तीही जाणार म्हणून मी घाबरले.

"मॅडम, हिनं आता अंडी घातलीत, म्हातारपणची. गरव्या पण आधी साध्याच होत्या ना? मग हिचेपासून नवीन लावू."

मॅडमनी बाटली उजेडात धरून बराच वेळ पाहिली. मग पाणी बाजूला सारलं. "नवी बाटली घे. तारीख लिही."

माझी अंडी आता त्या बाटलीत आहेत. रविना म्हणते, पंचवीस पिढ्यांनी माझ्या वंशातल्या माश्याही साठाव्या दिवशी बोळ्यापर्यंत चढतील. खरं सांगते, मला आत्तापासूनच त्यांचा हेवा वाटतो.

मित्रांनो, अंडी संपली की निसर्ग तोंड फिरवतो. तुम्ही तसं करू नका. उद्या माझे लुळे पाय तळाच्या खिरीत चिकटू लागले, तर माझी बाटली तेवढी आडवी करून ठेवा.