घंटीचा दुसरा ठोका

फ्रीज नवा आहे. चालू आहे की बंद, हे दार उघडल्याशिवाय कळत नाही.

डाव्या करंगळीखालचं अक्षर कायम फिकं उमटतं. दोष यंत्राचा नसतो, करंगळीचा असतो.

शेजारच्यांचा फोन कधीच वाजत नाही, तरी शेजारी दिवसभर बोलत असतात.

तेल एकच थेंब. दुसरा थेंब म्हणजे धुळीला आमंत्रण.

"झालं का तुमचं काम? मग निघा. आमचे हे येतील एवढ्यात."

आधीचं सगळं नवऱ्याच्या मनातलं, हे शेवटचं बोलणं बायकोचं. त्यातले 'हे' म्हणजे तिचा नवरा, आणि ज्याला ती निघायला सांगत होती तोही नवराच. चाळीस वर्षं त्याने टाइपरायटर दुरुस्त केले. दुकान गेलं, गिऱ्हाइकं गेली, 'मिस्त्री' ही हाक तेवढी मागे राहिली. आता बायकोही त्याला मिस्त्रीच समजायची. दीड वर्षापासून तिच्या डोक्यातून एकेक माणूस उठून चाललं होतं. आधी शेजारी गेले, मग मुलगी गेली, शेवटी त्याचाही नंबर लागला.

पण आतल्या खोलीत तिचा टाइपरायटर होता. उमेदीच्या वर्षांत त्यावर तिने लोकांचे अर्ज, प्रबंध, करारनामे बडवले होते. ओळ संपत आली की टाइपरायटरची घंटी एकदा वाजते. तिची दोनदा वाजायची. टिंग, आणि मागोमाग दमल्यासारखं टिं. घंटीवर आपटणाऱ्या छोट्या टोल्याचा स्क्रू सैल होता, त्यामुळे टोला उसळून पुन्हा आदळायचा. मिस्त्री रोज सकाळी दहाला यंत्रापुढे बसून दोन बोटांनी काहीबाही बडवायचा. घंटी दोनदा वाजली की बाहेरच्या खुर्चीवरून ती म्हणायची, "अहो, एवढी ओळ होऊ द्या, मग बोलू."

अहो. म्हणजे तो. पुढची ओळ, पुढचं अहो. बारा-पंधरा ओळी झाल्या की त्याचा दिवस निघायचा.

मुलीने सुचवून पाहिलं होतं. "बाबा, हा आवाज फोनमध्ये भरून ठेवू या."

"फोनमध्ये कशाला? यंत्र आहे की घरात."

"यंत्र म्हातारं झालंय."

"मग? मिस्त्री काय मेलाय?"

बुधवारी कॅरेज, म्हणजे कागदाचा सरकता रूळ, ओढणारी पट्टी तुटली.

खरं सांगायचं तर तो मनातून खूशच झाला. कित्येक वर्षांनी हाताला काम मिळालं होतं. जुन्या डब्यातून पट्टी काढली, यंत्र उताणं केलं, ब्रशने धूळ झाडली. पट्टी बसली. एक दांडी वाकडी दिसली, सरळ केली. एक स्प्रिंग ढिली, ताणली. तेल, एक थेंब. गिऱ्हाइकाने एक दुखणं सांगावं आणि आपण सगळं यंत्र ठणठणीत करून द्यावं, ही दुकानाची रीत. तो शीळ घालत होता आणि हात आपले चालले होते.

कागद घातला, ओळ बडवली.

टिंग.

बाहेरून काही नाही.

दुसरी ओळ. टिंग. स्वच्छ, एकच.

यंत्र पुन्हा उताणं. टोल्याचा स्क्रू घट्ट आवळलेला होता. कधी आवळला, आठवेना.

पाव फेरा सैल: टिंग.

अर्धा: टक.

आणखी केसभर: टिंगटिंगटिंग, सायकलवाल्यासारखी.

चार दिवस तो त्या एका स्क्रूशी झटत राहिला. बिघडलेलं नीट करायला तो शिकला होता. नीट झालेलं जसंच्या तसं बिघडवायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

रविवारी मुलगी आली. कुठल्या तरी टाइपरायटरचा आवाज तिने फोनवर शोधून आणला होता. फोन आईच्या कानाशी धरला.

"कुणाचा फोन वाजतोय तो?" आई म्हणाली. "उचला की कुणीतरी."

"बाबा, अगदी तसाच आहे हो. मी दोनदा जोडून घेतलाय."

"ही घंटी दुसऱ्या कुणाची तरी आहे."

"तिला काय कळतंय त्यातलं?"

"तिलाच तर कळतं."

मुलीने फोन पर्समध्ये टाकला. "तुम्ही तो स्क्रू आवळलातच कशाला?"

"सैल होता," मिस्त्री म्हणाला.

सोमवारी दहाला तो सवयीने बसला. तीन ओळी झाल्या. चौथीला खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि बायको चौकटीला धरून दारात उभी राहिली. त्याची बोटं थांबली. तिने आधी यंत्राकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, चांगलं काम करणाऱ्या माणसाकडे पाहावं तसं.

"छान झाली हो घंटी. ह्यांना सांगून सांगून मी थकले होते."

"हो बाई," तो म्हणाला, आणि यंत्रावर झाकण घातलं.

ती पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा बावीस वर्षांची होती, हीच घंटी दुरुस्त करून घ्यायला आली होती, आणि स्क्रू न आवळताच त्याने तिला पुन्हा मंगळवारी या म्हणून सांगितलं होतं.