लाथ मारून नमस्कार

"सर, कराटेवाला आणि तायक्वांडोवाला समोरासमोर आले, तर मार कोण खाणार?"

प्रश्न खरं तर माझा नव्हता. शालन आणि मंदा मागच्या ओळीतून माझ्या बरगडीत कोपर खुपसत होत्या. "इचारलीस तर पावशेर कुंदा. न्हाय इचारलीस तर भित्री!" खव्याच्या त्या गोड कुंद्यासाठी मी काहीही विचारलं असतं, पण 'भित्री' म्हटल्यावर तर हॉलमध्ये शाळेची अख्खी नववी-दहावी बसलेली असतानाही मी ताडकन उभी राहिले. दोन वर्षांपूर्वीची मी असते तर हजेरीचं 'हजर'सुद्धा शालनलाच म्हणायला लावलं असतं.

यल्लाप्पा सर नुकतेच बेंगळूरहून तायक्वांडो शिकून आपल्या खासबागेत परतले होते, आणि त्यांचा नवा वर्ग आमच्याच शाळेच्या हॉलमध्ये भरत होता. त्या दिवशी ते सगळ्यांना प्रात्यक्षिक दाखवायला आले होते. साल सत्याऐंशी. पुढच्या वर्षी कोरियात ऑलिम्पिक, तिथं तायक्वांडो दाखवणार, त्यात मुलीसुद्धा, असं त्यांनी सांगितल्यापासून पोरी ताठ बसल्या होत्या.

सर हसले. "प्रश्न चांगलाय. उत्तर मला पण माहीत नाही. तू कराटे करतीस काय?"

"हिरवा पट्टा," मी म्हटलं. जरा मोठ्यानंच.

"बा, बा. ये इकडं. मालन, तू पण ये."

मालन दहावीतली. रोज हिंडलग्याहून सायकल मारत शाळेला येणारी. तीन महिने सरांकडे जात होती. सरांनी आम्हा दोघींच्या छातीला कापूस भरलेलं कॅनव्हासचं जाड कवच बांधलं. खासबागेतल्या गादीवाल्याकडून शिवून घेतलेलं. मी त्यात अगदी उशीसारखी दिसत असणार, कारण शालन तोंडाला ओढणी लावून हसत होती.

सरांनी हात खाली केला. मी एक पाऊल सरकले, ओरडले आणि मूठ मालनच्या नाकापुढं बोटभर अंतरावर थांबवली. आमच्या कराट्यात कसब तेच. पूर्ण जोरात जायचं आणि लागायच्या आत थांबायचं. दोन वर्षं मी तेवढ्यासाठी घाम गाळला होता. मूठ थांबली, मी थांबले.

मालन थांबली नाही. तिचा पाय बाजूनं गर्रकन फिरला आणि माझ्या कवचावर आदळला. धप्! मी दोन पावलं मागं.

आणि मग तिनं काय करावं? चटकन खाली वाकून माझ्या पायाला हात लावला आणि तो कपाळाला नेला. "पाय लागला गं," म्हणाली.

हॉल फुटला हसून. सरांनी कपाळावर हात मारला. "तीन महिने झाले, हिला हेच सांगतोय!"

कुंदा आम्ही तिघींनी शाळेच्या पायरीवर बसून संपवला. पण माझं डोकं चालूच. कराट्याच्या नियमानं गुण माझा, कारण मूठ आधी पोचली होती. तायक्वांडोच्या नियमानं गुण मालनचा, कारण पाय लागला होता. म्हणजे दोघीही जिंकलो होतो. दुखत मात्र फक्त माझं होतं.

दुसऱ्या दिवशी मी गुंडू सरांना, म्हणजे माझ्या कराट्याच्या सरांना, सरळ विचारलं, आठ दिवस तिकडं जाऊन बघू का? ते मिशा कुरवाळत म्हणाले, "ते पायांचा नाच हाय बाळ. देवानं दोन हात काय केस विंचरायला दिल्यात?" मग म्हणाले, "जा. बघ. डोळे कुणी बांधलं न्हाईत. पन रविवारी धाला निळ्या पट्ट्याची परीक्षा हाय. आलीस, तर माझी. न्हाय आलीस, तर हिरवा पट्टा आनून दे आनि तिकडं पांढऱ्यापासनं सुरू कर."

पांढऱ्यापासून! पांढरा म्हणजे बालवाडी. शाळेत आता मला कुणी विशाखा कोलकार म्हणतच नव्हतं. 'ए हिरवा पट्टा' अशी हाक यायची आणि मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरायची. तो पट्टा कमरेवरून गेला तर खाली काय उरतं, हेच मला नक्की माहीत नव्हतं.

घरी आप्पांनी आणखी एक गाठ मारली. आप्पा तार ऑफिसात, आई सांबऱ्याच्या शाळेत शिक्षिका. दोन्ही वर्ग संध्याकाळी साडेपाचलाच, शिवाय पुढच्या वर्षी माझी दहावी. "एकच काय ते कर," आप्पा म्हणाले. "रविवारी सकाळी सांग. मग वर्षभर कुरकुर ऐकणार नाही." आई म्हणाली, "आणि काय ते विचार करून. मैत्रिणींनी सांगितलं म्हणून नको."

तर मी गेले. आणि काय सांगू, सगळं उलटंच! गुंडू सरांकडं आम्ही जपानीत 'इची, नी, सान' मोजायचो, इथं कोरियनमध्ये 'हाना, दुल, सेत'. पहिल्या दिवशी माझ्या तोंडून 'हाना, नी, सेत' गेलं. तिथं पाय फाकवून असं खाली बसायचं, की बैल आला तरी हलायचं नाही. इथं टाचा उचलून सारखं उड्या मारत राहायचं, गरम फरशीवर उभं केल्यासारखं. तिथं कमरेच्या वर पाय क्वचित. इथं सर म्हणत, "कानापर्यंत! कान कशाला दिलाय?" गुंडू सरांचा पहिला नियम, समोरच्याला पाठ दाखवायची नाही. यल्लाप्पा सर तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आता पाठ फिरव." मला वाटलं, चिडले. पण नाही, पाठ फिरवून, खांद्यावरून बघत, मागच्या मागं टाच हाणायची होती. मी फिरले ती भिंतीकडं तोंड करूनच थांबले. मालन म्हणाली, "तिकडं कोन न्हाय गं, हिकडं हाय मी!"

पण कराटे वाया गेलं म्हणाल तर तेही नाही. माझी मूठ सरळ होती, पाय जमिनीला धरून होते, आणि मालनला जे कधीच जमलं नव्हतं ते मला जमत होतं: घाबरले तरी डोळे न मिटणं. सर म्हणाले, "हे तुझ्या जुन्या सरांचं देणं. सोडू नको."

अडलं एकाच ठिकाणी. गुरुवारी सरांनी मला आणि मालनला समोरासमोर उभं केलं. माझा पहिलाच पाय तिच्या कवचावर लागला आणि माझा मलाच पत्ता लागायच्या आत मी वाकले, हात लावला, कपाळाला नेला! कराट्यात हा प्रश्नच आला नव्हता. तिथं पाय लागतच नव्हता, मग पाया कशाला पडायचं? मग मालननं मारली, ती वाकली. मी मारली, मी वाकले. दोघींचं असं तीन-तीनदा झालं. चौथ्या वेळी दोघींचे पाय एकदमच लागले, दोघी एकदम वाकलो आणि कपाळावर कपाळ असं आपटलं, की मला खासबागेत भर उजेडी चांदण्या दिसल्या.

"साकु! पुरे!" सर ओरडले. "मॅच हाय काय हळदीकुंकू?"

मग त्यांनी आम्हाला जमिनीवर बसवलं. "सुरुवातीला मी 'क्युंग्ने' म्हणतो, दोघी एकमेकींना वाकता. ते कशासाठी? पुढं जेवढे पाय लागणार, त्या सगळ्यांचा तो ॲडव्हान्स नमस्कार. शेवटी परत एकदा वाकता, तो उरलेल्यांचा. मधी वाकायचं नाही. मधी वाकली, की समोरचीचा पाय तुझ्या तोंडावर."

कपाळाला टेंगूळ घेऊन मी घरी आले आणि जेवताना सगळं रंगवून सांगितलं. आई हसली, आप्पा हसले. आज्जी, तानीबाई, भाकरी मोडता मोडता थांबली.

"कुनाची पोर म्हनलीस?"

"मालन. हिंडलग्याची. भावकू पाटलांची नात."

"भावकू पाटलाची नात." आज्जीनं ते सावकाश म्हटलं. "तिनं तुला पाय लावला."

"व्हय आज्जी, खेळच तसा—"

"आनि वर पाया पडली? तुझ्या?"

"व्हय. चारदा."

आज्जी तरणीपणी हिंडलग्यातच राहायची. भावकू पाटलांच्या शेतात भांगलायला, कापायला जायची. दुपारी त्यांच्या घरची बाई भाकरी वरून सोडायची, आज्जीनं ओंजळ खाली धरायची. पाणीही तसंच, वरून. हाताला हात लागू नये म्हणून. हे मी आप्पांकडून एकदा ऐकलं होतं, आज्जीकडून कधीच नाही. त्या रात्रीही ती ते बोलली नाही. हातातली भाकरी तिनं ताटात ठेवली आणि तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. हसत होती! डोळ्याला पदर लावून हसत होती. "चारदा! आगं भावकू बघायला हवा हुता!"

आप्पा हसले नाहीत. मला म्हणाले, "आणि तू किती वेळा वाकलीस?"

"मी पण चारदा."

"बरं," म्हणाले आणि जेवायला लागले. त्या 'बरं'मध्ये काय होतं, ते मी झोप येईपर्यंत उलटंपालटं करून बघितलं.

शनिवारी पुन्हा मी आणि मालन. सरांनी 'क्युंग्ने' म्हटलं, दोघी वाकलो. पहिलाच पाय मालनचा लागला. धप्. ती वाकली नाही.

खरं सांगते, मला टोचलं. परवापर्यंत वाकत होती, आज का नाही? सरांनी सांगितलं म्हणून? का घरी काही कळलं म्हणून? का आता हिच्यापुढं कशाला वाकायचं, असं वाटून? आज्जीची ती ओंजळ माझ्या डोळ्यांसमोर आली आणि तेवढ्यात मालनचा दुसराही पाय लागला. ती माझ्या तोंडाकडं बघतच नव्हती. ती माझ्या पायांकडं बघत होती, मी कुठून येतेय ते. तिला मी कोण, याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. निदान त्या घटकेला.

मग मीही बघायला लागले. तिचा उजवा खांदा खाली गेला, की पाय येतो. गेला खांदा! मी सरकले, पाठ फिरवली, खांद्यावरून बघितलं आणि टाच हाणली. ती इतकी नीट लागली, की मालन फतकल मारून खाली बसली. माझे हात सवयीनं निघाले होते. मी ते मागं ओढले आणि टाचांवर नाचत उभी राहिले. दोन वर्षांत माझा मार खरंच लागतो का, हे मला पहिल्यांदा कळलं. लागतो! चांगला लागतो!

शेवटी मालनच जिंकली, तीन-दोन. कवचं सोडताना मी तिला विचारूनच टाकलं. "आज वाकली नाहीस ती?"

"वाकलो असतो तर माझं दात तुझ्या टाचंला असतं की गं!"

"घरी माहीत आहे, तू माझ्याबरोबर खेळतेस?"

"आज्जीनं इचारलं, कुनाची पोर म्हनून. सांगितलं, खासबागंच्या कोलकारांची."

"मग?"

"मग काय. मग म्हनाली, जपून. मी म्हनलं, तिलाच सांग जपायला." मालननं सायकलचं स्टँड लाथेनं उडवलं. "सोमवारी येतीस न्हवं? तीन-दोन म्हंजे काय लई मोठं न्हाय. मागं लागून फेडून घे." आणि निघूनही गेली, उत्तराला न थांबता.

त्या 'जपून'चा अर्थ मला अजून नीट लागलेला नाही. पण मालननं तो माझ्यापासून लपवला नाही, हे मला आवडलं.

रविवारी सकाळी उठले तर खुर्चीवर कराट्याचे पांढरे कपडे. आईनं इस्त्री करून ठेवलेले, वर हिरव्या पट्ट्याची घडी. परीक्षा दहाला. आप्पा पेपर वाचत होते, आज्जी दारात ऊन खात होती. मी पट्टा उचलला. कड थोडी विरलेली, एका टोकाला माझं नाव आईनं दोऱ्यानं भरलेलं. मन झालं बांधावा. निळा मला सहज मिळाला असता. काय विचारतील आणि किती बोटांवर थांबायचं, सगळं पाठ होतं.

तेच तर होतं. सगळं पाठ होतं.

मी पट्टा तसाच हातात घेऊन आई-आप्पांसमोर उभी राहिले.

"ठरलं," मी म्हटलं. "मी तायक्वांडो शिकणार. आत्ता गुंडू सरांकडं जाते, पट्टा देते, पाया पडते आणि परीक्षा न देता परत येते. उद्यापासून पांढरा. मैत्रिणींनी सांगितलं म्हणून नाही, आणि ते कराट्यापेक्षा भारी आहे म्हणूनही नाही. कोण भारी ते मला अजून माहीत नाही. पण तिथं मार लागतो आप्पा, मला पण आणि माझा पण, आणि मला ते शिकायचंय. वर्षभर कुरकुर करणार नाही. दहावीचा अभ्यास पहाटे करेन. आणि आई, येत्या शनिवारी मालनशी पुन्हा मॅच आहे. आज्जीला घेऊन जाणार आहे मी, पहिल्या ओळीत बसवणार आहे."