लाल दोऱ्याचा गुरुवार

मित्रांनो, मी कर्जत-खालापूर रस्त्यालगतच्या एका शाळेतला जुना वेळापत्रकाचा फळा आहे. जुना आहे, पण अडगळ नाही, हे आधीच सांगून ठेवतो. हल्ली मी ऑफिसमागच्या बोळात, पाण्याच्या पिंपाशेजारी उभा असतो आणि येणारा-जाणारा माझ्यावर ओले हात पुसतो, म्हणून सांगावं लागतं.

माझा जन्म दहिवलीच्या विलास सुतारांच्या पडवीत झाला. सागाची चौकट, आत प्लायवूड आणि त्यावर दोनशे चाळीस पितळी आकडे, म्हणजे छोटे हुक. पाच वर्ग, सहा वार, रोजचे आठ तास. प्रत्येक तासाला एक आकडा. त्यावर अडकवायच्या चकत्या शाळेचं वेळापत्रक लावणाऱ्या वाल्मिक गुरुजींनी स्वतः कापल्या, जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यातून. त्यामुळे पुढून 'गणित' आणि मागून 'चि. सौ. कां.' असा मामला होता. मुलांना त्याचं भारी हसू यायचं.

मे महिन्याच्या सुट्टीत गुरुजी मला टेबलावर आडवं घालत आणि चष्मा कपाळावर चढवून तासन् तास चकत्या इकडच्या तिकडे करत. सगळं जुळलं की मला हळूच थोपटत. त्यांच्या बोटांना खडूचा वास असायचा. खोटं कशाला बोलू, त्या बोटांची मला फार आठवण येते.

सगळ्यात अवघड काम आठवीच्या आवडीच्या तासांचं. चित्रकला, वायरिंग, रोपवाटिका, शिवण असे चार विषय आणि मुलांचे चार गट. दर सहा आठवड्यांनी प्रत्येक गट पुढच्या विषयाकडे सरकायचा, म्हणजे वर्षभरात सगळ्यांना सगळं मिळायचं. त्यात वायरिंग शिकवणारे सुनील मिस्त्री रसायनीच्या कारखान्यात नोकरीला. त्यांना सुट्टी फक्त गुरुवारी. आणि गुरुवारीच आमच्याकडे बाजार! बाजारची माणसं घेऊन डोंगरातल्या वाडीवर जाणारा एकुलता एक टेंपो त्या दिवशी शाळा सुटायच्या आधीच, दुपारी तीनला सुटतो. वाडीची मुलं त्यातूनच घरी जातात. तो चुकला की दोन तास रानातून चढण.

म्हणून गुरुजींनी माझ्या गुरुवारच्या शेवटच्या दोन तासांच्या आकड्यांना लाल दोरा गुंडाळला होता. दोऱ्याच्या जागी फक्त खेळ आणि वाचन, म्हणजे लवकर निघणाऱ्यांचं काही बुडू नये. वायरिंग सकाळी, पहिल्या दोन तासांना. हे त्यांनी कुठे लिहून ठेवलं नाही. दोरा होता ना!

मग गुरुजी निवृत्त झाले आणि साजगावचे संतोष सर आले. मनाने चांगले आणि कामाला वाघ. ऑफिसात संगणक आला, त्यात वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर आलं. दोन तास एकमेकांवर आदळले की पडद्यावर लाल चौकोन, जुळले की हिरवा. सरांनी माझ्यावरची एकेक चकती वाचून सगळं त्यात भरलं. एक बटण दाबलं आणि चहा निवायच्या आत वेळापत्रक तयार! गुरुजींचा अख्खा मे महिना त्यात खर्ची पडायचा. मी थक्क झालो. आणि जळलोसुद्धा, कबूल करतो.

तेवढ्यात सरांना दोरा दिसला. दसऱ्याला शाळेतल्या हत्यारांबरोबर मलाही हळदकुंकू लागतं, त्यामुळे तो पूजेचाच असणार असं त्यांना वाटलं. त्यांनी तो अलगद सोडला, डोळ्यांना लावला आणि सरस्वतीच्या तसबिरीला बांधला. मला ओरडावंसं वाटलं, पण फळ्याला तोंड कुठलं? सॉफ्टवेअरने वायरिंग गुरुवारच्या शेवटच्या दोन तासांना टाकलं. पडदा हिरवागार होता. माझी रवानगी बोळात झाली.

तिथे मला कोंडी भेटली. आठवीतली, वाडीवरची, चौथ्या गटातली. जूनमध्ये शाळा उघडली त्याच आठवड्यात ती पिंपावर बाटली भरताना शिपाई हिरूबाईंना सांगत होती, "मावशे, पैली पाळी आमच्या गटाचीच हाय, वायरिंगची! आमच्या घरची लाईट गेली का वायरमन यायला आठ दिस लागतात. आता मीच शिकनार."

पण गुरुवार आला की अडीच वाजता वाडीची मुलं बाटल्या भरून टेंपोकडे पळायची. कोंडी सगळ्यांत मागे असायची. वळून वळून वायरिंगच्या खोलीकडे बघत जायची. असे पाच गुरुवार गेले.

सहाव्या गुरुवारी ती गेलीच नाही. शाळा सुटल्यावर संतोष सरांना ती पिंपाशी उभी दिसली.

"कोंडी, अगं, टेंपो गेला की!"

"जाऊ दे, सर. आज शेवटचा तास व्हता, म्हून ऱ्हायले. पन आज नुसती परीक्षाच झाली. टेस्टर कसा धरतात त्ये पन मला नाय आलं."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"कॉम्प्युटरनी ठरवलंय ना, सर. त्याला कोन सांगनार?"

हिरूबाई झाडू टेकवून माझ्याकडे बघत होत्या. "सर, ह्या फळ्यावर लाल दोरा व्हता, त्यो कुठं हाय?"

"पूजेचा ना? सरस्वतीच्या तसबिरीला बांधलाय."

हिरूबाईंनी कपाळावर हात मारला. "पूजेचा नाय वं! टेंपोचा दोरा त्यो. गुरुजींनी वाडीच्या पोरांसाठी बांधला व्हता."

त्या संध्याकाळी हिरूबाई कोंडीला वाडीपर्यंत सोडून आल्या. सर मात्र बराच वेळ माझ्यासमोर उभे राहिले. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला उचलून ऑफिसात नेलं. वायरिंग सकाळी घ्यायला गेलं की पडद्यावर लाल चौकोनच चौकोन. म्हणून त्यांनी चकत्यांचा डबा काढला आणि मला टेबलावर आडवं घातलं. मित्रांनो, किती महिन्यांनी! मधली सुट्टी संपेपर्यंत त्यांची बोटं माझ्यावर फिरत होती. गणित दुपारी आलं, वायरिंग सकाळी बसलं. मग सरांनी तेच संगणकात भरलं आणि चौकोन हिरवे झाले.

चौथ्या गटातल्या वाडीच्या मुलांना त्यांनी तिसऱ्या गटात हलवलं, कारण वायरिंगची पुढची पाळी त्या गटाची होती. "पण त्या गटाची चित्रकला झाली आहे," ते कोंडीला म्हणाले. "ती तुझी राहील."

"ऱ्हाऊ दे, सर. चित्र मी घरी भिंतीवर काडते."

लाल दोरा सरांनी स्वतः माझ्या आकड्यांना परत बांधला. संगणकातही ते दोन तास कुलूपबंद केले. मग चकत्या डब्यात भरल्या आणि मला पुन्हा बोळात आणून ठेवलं. काम झालं होतं ना.

पुढच्या सहा गुरुवारांत कोंडी टेस्टर धरायला शिकली, बटण बसवायला शिकली. शेवटच्या गुरुवारी सुनील मिस्त्रींनी तिला या अंधाऱ्या बोळात दिवा बसवायला सांगितलं. तिने बटण दाबलं आणि इतक्या दिवसांनी माझे सगळे आकडे उजळले. सगळे रिकामे. दोऱ्याचे तेवढे भरलेले.

कोंडी आता नववीत आहे. दर गुरुवारी टेंपोकडे जाताना ती दोऱ्याला बोट लावून जाते. पुढच्या वर्षी दहावी होईल आणि ती शाळेतून जाईल. हिरूबाईही थकल्या आहेत. गुरुजी एकदा येऊन बघतो म्हणाले होते, ते अजून आलेले नाहीत. मी रोज वाट बघतो.

मित्रांनो, माझ्यावर चकत्या परत लावा असं मी म्हणत नाही. संगणक माझ्यापेक्षा हुशार आहे, खुशाल त्याला काम सांगा. फक्त हा दोरा विटत चालला आहे. तो तुटला तर तुमच्यापैकी कोणीतरी नवा बांधा, आणि तो कशासाठी आहे ते शेजारच्याला सांगून ठेवा. मला ते सांगता येत नाही.