शेवाळाचं बारसं

दगडाबाईनं तांब्या मुंजोबाच्या दगडावर उपडा केला आणि दगडामागं वाकून बसलेल्या स्वप्नाची ओढणी भिजवली.

"सरक की, बाई. देवाच्या अंघोळीत कावून मधी येतीस?"

स्वप्ना हसत सरकली. केजच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी ही बाई दोन पावसाळे या दगडाच्या सावलीतल्या अंगाला भिंग लावून बसत होती. तिथलं बोटभर शेवाळ माहीत असलेल्या कुठल्याच प्रजातीत बसेना, तेव्हा त्याच्यासाठी नवीच प्रजाती करायची असं ठरलं. नाव तेवढं राहिलं होतं आणि ते आज कळवायचं होतं.

"आजी, तुमचं नाव देऊ का याला? शास्त्रात शेपूट लागतं, म्हणून दगडिया."

"माझं? लोक हसतील. रोहिणी ठेव, विजयमाला ठेव. दगडधोंडा काय ठेवतीस?"

"दुष्काळात विहीर आटली तरी शेरडांच्या आधी तुम्ही इथं तांब्या ओतलात. नाहीतर हे केव्हाच वाळून गेलं असतं. तुमचे उपकार कसे फेडू मी?"

"मी देवाला घातलं पानी. ह्याचं मला काय ठावं?"

दगडाबाई एकदा नाही म्हणाली की नांदूरघाटात कुणाची टाप नव्हती तिला हो म्हणायला लावायची. स्वप्नानं खट्टू होऊन नाव कळवायला काढलेला फोन पर्समध्ये टाकला. इतक्या मनापासून द्यायला आणलेला मान तिच्याचपाशी राहिला.

म्हातारी निघाली, पण पाराच्या कडेला थांबली.

"ह्याची भावंडं कुठं हायेत गं?"

"कुठंच सापडली नाहीत, आजी. हे एकटंच उरलंय."

दगडाबाई परत आली. गुडघ्यावर हात टेकत खाली बसली आणि पहिल्यांदाच त्या हिरव्या ठिपक्यावरून बोट फिरवलं.

"माज्या आईची तीन लेकरं गेलती. लई चांगली नावं ठिवलती त्यांची. मग मी झाले. काळानं ढुंकून बघू नये म्हणून मला दगडा म्हनले. बघ, ऐंशीला टेकले."

स्वप्नाचे डोळे भरून आले.

"हेच ठेव. जगंल ते." स्वप्नानं लगेच फोन पुन्हा बाहेर काढला. "पर असं फोनात न्हाई. तू आत्या हो, कानात सांग."

शेवाळाला कान कुठला? तरी स्वप्नानं दगडाशी तोंड नेऊन हळूच नाव सांगितलं. "कुर्रर्र" करत म्हातारीनं तिच्या पाठीत असा धपाटा घातला की भिंग उडून पडलं.

मग तांब्या उचलून ती पुन्हा पाण्याला निघाली.

"आता कुणाला, आजी? देवाची अंघोळ झाली की."

"देवाची झाली. लेकराची राहिली."