तुकड्यांतलं घर

धाकटीला तिच्या कामामुळे सगळे कात्री म्हणत. कुणाचं तासाभराचं भाषण हाती आलं की ती त्याचे लहान व्हिडिओ करायची, त्यातलीच वाक्यं फोटोंवर टाकायची, नुसता आवाज वेगळा काढायची, उरलेल्याचा लेख करायची. लोक एका दगडात दोन पक्षी मारतात, आमची कात्री अख्खा थवा पाडते, असं तिचा साहेब म्हणायचा.

तिची थोरली बहीण, ताई, नवऱ्याचं घर सोडून तिच्याकडे राहायला आली होती. नवऱ्याने तिच्या जवळपास फिरकायचं नाही, असा कोर्टाचा हुकूम होता. ती कुठे राहते हेही त्याला ठाऊक नव्हतं. ताई खुर्च्यांना वेताच्या बैठका विणायची. भिजवलेला वेत तिच्या बोटांत असा काही फिरायचा की बघणारा काम विसरून बसायचा. याचा व्हिडिओ करूया म्हणून कात्री तिच्या मागे लागली. ताईने बरेच दिवस दाद दिली नाही. शेवटी कबूल झाली ती एका अटीवर: तोंड दिसायचं नाही, आवाज ऐकू यायचा नाही, नाव यायचं नाही. नुसते हात.

कात्रीने एका सकाळी एक अख्खी खुर्ची विणून होईपर्यंत चित्रण केलं आणि सवयीप्रमाणे त्याचे तुकडे पाडले. कुठे फक्त वेत ओढल्याचा आवाज, कुठे खुर्चीच्या वॉर्निश केलेल्या पाठीचा फोटो, कुठे घरगुती युक्त्यांचा लेख. प्रत्येक तुकडा टाकण्याआधी ती डोळ्यांत तेल घालून तपासायची. एकातही ताई सापडत नव्हती.

लोकांना ते हात फार आवडले. प्रतिक्रिया येत गेल्या. त्यात बिननावाचं, बिनफोटोचं एक खातं होतं. आवाजाच्या तुकड्याखाली त्याने लिहिलं, ‘जवळच शाळा आहे वाटतं, घंटा ऐकू येते.’ कात्रीने कौतुकाने त्याला बदाम टाकला. फोटोखाली आलं, ‘काय चमक आहे! समोरची पाण्याची टाकीसुद्धा त्यात दिसते.’ लेखाखाली आलं, ‘खालच्या सायकलवाल्याकडून जुन्या ट्यूबच्या पट्ट्या आणायची युक्ती छान.’ असा बारकाईने बघणारा माणूस विरळा, असं कात्रीला वाटलं.

मग एका छोट्या व्हिडिओखाली त्याने लिहिलं, ‘वेत ताणताना ओठ चावायची सवय अजून गेली नाही का?’

कात्रीने ती ओळ पुन्हा वाचली. ताई ओठ चावायची खरी. पण तिचे ओठ कुठल्याच तुकड्यात नव्हते.

तिने सगळे तुकडे पडद्यावर शेजारी शेजारी मांडले आणि पहिल्यांदाच एकत्र पाहिले. शाळा, टाकी, सायकलवाला, सकाळचं ऊन कुठल्या बाजूने आत येतं, खिडकीच्या गजांची नक्षी. एकेकट्या तुकड्यात काही नव्हतं. सगळे मिळून पत्ता झाला होता, मजल्यासकट.

तिने सगळं काढून टाकलं. पण लोकांनी त्या हातांना आपापली गाणी लावून ते पुढे पाठवले होते. उधळलेली पिसं वेचायची तरी कशी?

तिने रडत रडत ताईला सगळं दाखवलं. ताईने हात पुसले, ती ओळ वाचली आणि तोच आहे म्हणाली. मग तिची केस बघणाऱ्या पोलीसबाईंना फोन लावला. माणसं घेऊन येते, तोवर दार उघडू नका, असं त्यांनी सांगितलं.

“तू मुद्दाम केलं नाहीस,” ताई म्हणाली. “आता रडत बसू नकोस. माझी बॅग काढ.”

बॅग अर्धीही भरली नव्हती. कात्रीने पडद्याच्या फटीतून खाली पाहिलं. समोरच्या फुटपाथवर भावजी उभे होते. कडक इस्त्रीचा शर्ट. फोन डोळ्यांसमोर धरलेला. भिंतीवर तसबीर सरळ लागली की नाही ते बघावं, तसे ते एकदा फोनकडे आणि एकदा इमारतीच्या खिडक्यांकडे बघत होते. मग त्यांनी फोन खिशात टाकला आणि रस्ता ओलांडला.

जिन्यात पावलं वाजली. मग ते याच मजल्यावरचं एकेक दार ठोठावू लागले. खुर्ची दुरुस्तीला द्यायची आहे, त्या बाई इथेच राहतात ना, असं गोड आवाजात विचारत होते. हा आवाज एके काळी कात्रीला आवडायचा. ताईने पहिल्यांदा माराचं सांगितलं, तेव्हा याच आवाजामुळे घरात कुणाचा विश्वास बसला नव्हता.

मग या दोघींच्या दारावर थाप पडली. ताईने कात्रीचं मनगट घट्ट धरलं. पुन्हा थाप. मग शांतता, आणि त्या शांततेत दारापलीकडचा श्वास.

कात्रीच्या हातातला फोन थरथरला. त्याच खात्यावरून निरोप आला होता: ‘ओल्या वेताचा वास येतोय. दार उघड.’

ताईने तो वाचला. ती सावकाश दारापाशी गेली, वरची कडी पक्की लागली आहे ना ते चाचपलं आणि तिथेच पाठ टेकून उभी राहिली.

किती वेळ गेला, कात्रीला सांगता यायचं नाही. खालून बुटांचा आवाज आला आणि भावजींचा आवाज आणखी गोड झाला. हे घरचं प्रकरण आहे, मी बायकोला न्यायला आलोय, ते समजावत होते. पोलीसबाईंनी शांतपणे विचारलं, “कोर्टाचा हुकूम वाचता येतो ना तुम्हाला?” त्या त्यांना घेऊन गेल्या.

पण आज ना उद्या ते सुटणार, हे दोघींना कळत होतं. ताईने उरलेली बॅग भरली. कुठे जाणार, असं कात्रीने विचारलं.

“ते तुला सांगणार नाही. रागाने नाही गं. तुला ठाऊकच नसेल, तर तुझ्याकडून बाहेर जाणार नाही.”

ताई गेली. कात्रीने काम सोडलं नाही, पोट कुणाला चुकलंय? पण जिन्यात पाऊल वाजलं की ती अजून हातातलं थांबवते आणि ते पुढे जाईपर्यंत श्वास धरून बसते.

मधूनमधून ताईचा फोन येतो, नंबर न दिसणारा. तब्येत, झोप, जेवलीस का, एवढंच बोलणं. एकदा बोलता बोलता ताई म्हणाली, “इथे वारा इतका असतो ना, की...” आणि एकदम गप्प झाली. कात्रीनेच घाईघाईने विचारलं, “खोकला बरा आहे का तुझा?”