मोहाच्या ढोलीत खुला

"त्या ढोलीत भरू नोको म्हनलं ना तुले!" आजीनं सूप खाली आपटलं.

"काऊन नाई भरू? रिकामीच त पडली हाये."

"मोहाची हाये ते."

"मोह गेला बजारात, आजी! आता नुसती हवा हाये तिच्यात."

माय फिस्सकन हसली, अन् मला आणखीच जोर चढला. नववी पास झाल्यापासून मला गप्प बसवणं घरात कुणाला जमत नव्हतं.

भांडण होतं खुलांचं. वांगी, टमाटर, गवार उन्हात वाळवून केलेल्या फोडी, त्यांना आमच्याकडे खुला म्हणतात. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की गावाचा रस्ता तुटतो, बाजार बंद. धानाच्या रोवणीच्या चिखलातून आल्यावर भातासोबत खायला ह्याच. मागच्या वर्षी उंदरांनी पोती फोडली. महिनाभर मीठ-मिरचीवर काढला. माय चक्कर येऊन शेतात, धानाच्या बांधीतच खाली बसली होती. म्हणून यंदा मी आणि मायनं बोटं काळी होईस्तोवर वांगी कापली. दोन पोती खुला झाल्या.

आणि ढोली कशी! बांबूची, शेणानं लिंपलेली, माणसाएवढी उंच कणगी. उंदराला शिरायला फट नाही. मोहाच्या वाळल्या फुलांच्या वासानं हत्ती गावात शिरतात, म्हणून कुणी घरात मोह ठेवायचा नाही असं गावानं ठरवलं, तेव्हापासून ती रिकामी.

"तीस वर्सं मोह भरला तिच्यात," आजी म्हणाली. "बांबूत वास मुरला हाये. हत्तीचं नाक आपल्यासारखं नाई, पोरी."

"शेनानं लिपतो, दोन दिवस ऊन देतो. वास उडूनच जाते. विज्ञानात हाये आमच्या!"

विज्ञानात असलं काही नव्हतं. पण मी असं ठसक्यात सांगितलं की बा म्हणाला, "भरू दे तिले. शिकलेली हाये."

भरली.

चौथ्या दिवशी संध्याकाळी तळ्याकडे कळप दिसला. सगळा गाव अंथरुणं घेऊन शाळेच्या पक्क्या इमारतीत गेला. पहाटे पावसाची सर येऊन गेली. उजाडल्यावर घरी आलो, तर मागची भिंत आडवी. ढोली अंगणात ओढलेली, काकडी सोलावी तशी सोललेली. खुला चिखलात तुडवल्या होत्या. हत्तीनं एक फोड खाल्ली नव्हती. बांबूच्या कामट्या तेवढ्या चघळून गेला होता.

माणसं जमली. शेजारच्या पत्रूभाऊचंही कुंपण मोडलं होतं. तो माझ्या बावर तुटून पडला.

"इसरू, मोह लपवला होता न तू? गावानं ठरवलं, अन् तू आमच्या लेकराइच्या जिवावर उठला!"

"धरतीची आन, एक फूल नाई ठेवलं, भाऊ."

"मंग हत्ती काय तुयी वांगी खायाले आला?"

लोक हसले. बानं मान खाली घातली. माझ्याकडे एकदा बघितलं, पण माझं नाव घेतलं नाही. आजीनंही नाही. दोघांना एक शब्द पुरला असता.

मला बाची ती मान बघवेना.

"पत्रूभाऊ, मोह नव्हता. ढोली मोहाची होती. आजी नोको म्हनत होती. मीच भरली."

पत्रूभाऊनं एक कामटी उचलली, नाकाशी धरली अन् फेकली. "येते खरा वास," असं पुटपुटत कुंपणाकडे गेला.

आम्ही चिखलातून खुला वेचल्या. दोन पोत्यांतल्या दोन गाडगीभर उरल्या. माय त्या गाडग्यांकडेच बघत बसली. पावसाचा मिरग दहा दिवसांवर होता. मी टोपली घेऊन विहिरीजवळच्या वाडीत गेले. झाडं थकली होती. उरलेली वांगी पिवळी, बियांनी भरलेली. ओरबाडून सगळी आणली अन् विळी घेऊन बसले.

आजी येऊन समोर उभी राहिली. आता बोलणार, म्हणून मी खांदे आवळले. तिनं माझी एक फोड उचलून उजेडात धरली.

"जाड झाली," ती म्हणाली. मग दुसरी विळी ओढून माझ्याजवळ बसली. "पातळ काप. ऊन थोडंच राह्यलं."